हाका आणि आमिष

रानांतलें जनावर आपल्या कह्यांत आणण्याचे मुख्य मार्ग मनुष्याला पुरातन काळापासून दोनच ठाऊक आहेत. हाका घालून त्याला पळावयास लावणें हा एक, आणि आमिष टाकून त्याला जवळ बोलावणें हा दुसरा. पहिल्यांत भीतीचा उपयोग, दुसऱ्यांत लोभाचा. एकाच जनावरावर एकाच वेळीं हे दोन्ही प्रयोग केले म्हणजे काय होतें हें ज्यास पाहावयाचें असेल, त्यानें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होण्यापूर्वींचे दोन-तीन महिने पाहावे. तेथील शिकारी एका हातानें मक्याचे दाणे पसरतो आणि त्याच वेळीं आपल्या पायरवानें हरणास घालवून देतो. आणि हंगामाचा पहिला दिवस उजाडला म्हणजे रान रिकामें कां झालें म्हणून कपाळास हात लावून बसतो. हा प्रकार केवळ विनोदाचा असता तर त्याच्यासाठीं अग्रलेखाची जागा खर्चीं घालण्याचें कारण नव्हतें. परंतु त्यांतून जो रोग फैलावत आहे आणि जो सार्वजनिक अन्याय होत आहे, त्याचा विचार आपल्याकडील लोकांनींही करावा अशी स्थिति आहे; आणि ती कां, हें लेखाच्या शेवटीं वाचकांच्या ध्यानांत येईलच.

आपल्याकडे सन १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यांत सन १९९१ सालीं झालेली दुरुस्ती यांमुळें शौकाची शिकार बंद झालेली आहे. तेव्हां शिकारीच्या सोयीगैरसोयींची चर्चा आम्ही कां करावी, असें एखाद्या वाचकास वाटण्याचा संभव आहे. परंतु अमेरिकेंत शिकार हा नुसता शौक नाहीं. तो सार्वजनिक व्यवस्थेचा एक भाग आहे. सन १९०० च्या सुमारास पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या त्या विस्तीर्ण देशांत अदमासें पांच लाखांवर येऊन ठेपली होती. मांस आणि कातडीं यांचा बेसुमार व्यापार हें त्याचें मुख्य कारण. त्याच सालीं झालेल्या लेसी कायद्यानें बेकायदेशीर शिकारीचा माल एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत नेण्याच्या व्यापारास आळा घातला, आणि सन १९३७ च्या कायद्यानें बंदुका व काडतुसें यांवरील कराचें उत्पन्न वन्य प्राण्यांच्या संवर्धनास लावून दिलें. या उपायांचें फळ असें कीं, आज त्या जातीचीं हरणें तीन कोटींच्या घरांत गेलीं आहेत. त्यांना खाणारे लांडगे बहुतेक भागांतून पूर्वींच नाहींसे झालेले. आतां हरणांची संख्या आवरली नाहीं तर उभीं पिकें फस्त होतात, जंगलांतील कोंवळीं रोपें वाढत नाहींत, आणि रस्त्यांवर मोटारींचे अपघात होतात. म्हणून सरकार परवाने देऊन ठराविक मुदतींत ठराविक शिकार करविते. एकट्या विस्कॉन्सिन राज्यांत नोव्हेंबरांतील नऊ दिवसांच्या बंदुकीच्या हंगामासाठीं पांच लाखांहून अधिक परवाने विकले जातात. एवढी मोठी यंत्रणा हरणांच्या हालचालीवर अवलंबून असल्यामुळें, ती हालचाल कशानें बदलते हा तेथें राज्यकारभाराचा प्रश्न झालेला आहे.

हरणाच्या हालचालीचें पहिलें कारण निसर्ग होय; आणि उतावीळ शिकारी नेमकें तेंच विसरतो. उन्हाळ्यांत नर हरणें टोळ्या करून राहतात, सोयाबीनच्या हिरव्या शेतांत भर सायंकाळीं उघडपणें चरतात, आणि त्यांचीं वाढतीं शिंगें मऊ त्वचेनें आच्छादिलेलीं असतात. सप्टेंबरांत ती त्वचा गळून पडते, नरांच्या अंगांत मद चढूं लागतो, आणि कालपर्यंत एकत्र चरणारे सोबती एकमेकांस शिंगें दाखवूं लागून टोळ्या मोडतात. इतक्यांत सोयाबीनचीं पानें पिवळीं पडतात आणि रानांत ओक वृक्षांचीं फळें गळावयास लागतात. म्हणजे अन्नाचें ताट शेतांतून उचलून झाडीखालीं मांडलें जातें. अर्थात् ऑगस्टांत ज्या शेतांत हरीण रोज दिसत होतें, तेथें तें ऑक्टोबरांत दिसत नाहीं. यांत कोणाचा दोष नाहीं आणि कोणाची करामतही नाहीं. पण शिकारी समजतो कीं, आपलें हरीण कोणी पळविलें! मग तो त्याच्या शोधार्थ रानांत शिरतो, आणि येथून त्याच्या नकळत हाक्याला आरंभ होतो.

हा हाका ढोलताशांचा नसतो. मचाण बांधण्यासाठीं, समोरच्या फांद्या तोडून वाट मोकळी करण्यासाठीं, झाडांस बांधलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांतील चित्रें पाहण्यासाठीं, दाणे टाकण्यासाठीं आणि ते खाल्ले गेले कीं नाहीं हें पाहण्यासाठीं शिकारी आठवड्यांतून दोन-तीन वेळां त्याच वाटेनें जातो. त्याच्या मोटारीचा आवाज, बुटांचा वास, गवतावर राहिलेला घामाचा गंध या साऱ्यांची नोंद हरीण आपल्या नाकानें घेत असतें. आपण हरणाची टेहळणी करीत आहों असें मनुष्यास वाटतें. वस्तुतः हरीणच मनुष्याची टेहळणी करीत असतें. ऑबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनीं साऊथ कॅरोलिना राज्यांतील एका रानांत नर हरणांच्या गळ्यांत उपग्रहाच्या साह्यानें ठावठिकाणा कळविणारे पट्टे बांधून याची तपासणी केली. ज्या मचाणावर शिकारी बसून गेला त्याच्या आसपास हरणें पुढें कांहीं दिवस उजेडांत फिरकत नाहींत. रात्रीं मात्र तेथेंच येऊन चरतात, असें त्यांना आढळून आलें. म्हणजे हरणानें रान सोडलें नव्हतें. त्यानें फक्त घड्याळ बदललें होतें.

ही गोष्ट एकट्या हरणाची किंवा एकट्या शिकारीचीही नाहीं. सन २०१८ मध्यें सायन्स या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत सहा खंडांतील बासष्ट सस्तन प्राण्यांविषयींचीं शहात्तर संशोधनें एकत्र करून पाहण्यांत आलीं. मनुष्याचा वावर वाढला म्हणजे प्राण्यांचा रात्रींचा वावर सरासरीनें १.३६ पट होतो, असा त्याचा निष्कर्ष निघाला. जो प्राणी आपला निम्मा वावर दिवसां व निम्मा रात्रीं करी, तो अडुसष्ट टक्के रात्रीं करूं लागतो. आणि यांतील लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, बंदूक घेऊन आलेला मनुष्य आणि नुसता फिरावयास आलेला मनुष्य यांमध्यें प्राण्यांनीं फारसा भेद केलेला नव्हता. आमचा हेतु निरुपद्रवी आहे हें आमचें समाधान आमच्यापुरतें ठीक आहे. प्राण्याच्या लेखीं त्याची किंमत थोडी.

भीतीनें हरीण वेळ बदलतें तसें स्थळही बदलतें, आणि येथें न्यायाचा प्रश्न उपस्थित होतो. यूटा राज्यांत एल्क नांवाच्या मोठ्या हरणांच्या कळपांवर लक्ष ठेवण्यांत आलें तेव्हां असें दिसलें कीं, शिकारीचा हंगाम सुरू होतांच तीं सरकारी मोकळ्या जमिनींतून निघून खाजगी मालकीच्या जमिनींत आश्रयास जातात; कारण तेथें शिकाऱ्यांची गर्दी नसते. हंगाम संपला म्हणजे तीं परत येतात. आतां सरकारी जमिनींत शिकार करणारा मनुष्य बहुधा साधारण स्थितीचा असतो, आणि हरीण तर सर्व प्रजेच्या वतीनें राखलेली मालमत्ता. ती मालमत्ता ऐन वेळीं कुंपणाआड जाऊन बसावी, तिच्या मालकानें वाटल्यास मोल घेऊन आंत सोडावें, आणि ज्याच्या परवान्याच्या पैशावर खातें चालतें त्यानें रिकाम्या रानाकडे पाहात उभें राहावें, हें कोणत्या न्यायांत बसतें? गर्दीनें आणि उतावळेपणानें केलेला हाका असा गरिबाच्या अंगणांतलें श्रीमंताच्या वाड्यांत नेऊन घालतो.

आतां आमिषाकडे वळूं. हरीण भिऊन दूर जातें असें दिसल्यावर शिकाऱ्यास जो उपाय सुचतो तो दुकानांत विकत मिळतो. मका, सफरचंदें, गाजरें, साखरबीट, मिठाच्या व खनिजांच्या चाटणविटा, इतकेंच काय पण बाटलींत भरलेलें हरणाचें मूत्रसुद्धां या बाजारांत विकावयास असतें. व्यापार हा निंद्य धंदा नव्हे. परंतु माल आपलें काम करितो कीं नाहीं हें पाहण्याचा अधिकार गिऱ्हाइकास आहे. मिठाचेंच उदाहरण घ्या. वसंतांत व उन्हाळ्यांत हिरव्या चाऱ्यांत पाणी व पोटॅशियम अधिक असल्यामुळें हरणाच्या शरीरास सोडियमची ओढ लागते; पाडसांस पाजणाऱ्या माद्यांस तर ती विशेषच. म्हणून त्या दिवसांत चाटणविटांभोंवतीं कळप जमतात आणि कॅमेऱ्यांत सुंदर चित्रें उमटतात. परंतु शरद ऋतु आला कीं ही ओढ ओसरते. ज्या दिवसांसाठीं वीट विकत घेतली, नेमक्या त्याच दिवसांत ती ओस पडते. मक्याची गोष्ट निराळी. त्यावर हरणें येतात खरीं, परंतु मनुष्याचा वास लागलेल्या जागीं तीं बहुधा अंधार पडल्यावर येतात, आणि पोट भरलेलें असल्यामुळें दिवसा हिंडण्याची त्यांना गरज उरत नाहीं. साऊथ कॅरोलिनांत पूर्वीं कांहीं जिल्ह्यांत आमिषास मोकळीक होती व कांहींत मनाई होती, तेव्हां मनाईच्या भागांतील शिकार कमी तर नव्हतीच, उलट अधिक होती, असें तेथील सरकारी खात्यासच आढळून आलें. शिवाय हिवाळ्यांत वाळक्या डहाळ्या पचविण्यास सरावलेल्या पोटांत एकाएकीं मक्याची रास पडली तर आम्ल वाढून हरीण मरतें. पैसे देऊन मका विकत घ्यावा, पाठीवरून रानांत वाहून न्यावा, आणि त्यानें हरीण रात्रीचें किंवा रोगाचें व्हावें, हा विकत श्राद्ध घेऊन सव्यापसव्य करण्याचाच प्रकार झाला!

आणि रोगाचा प्रश्न हा या साऱ्यांत अत्यंत गंभीर आहे. रानांत विखरून चरणाऱ्या जनावरांस एका ढिगावर तोंडें घालावयास लावलें म्हणजे एकाची लाळ दुसऱ्याच्या पोटांत जाते, हें समजण्यास शास्त्राचीही जरूर नाहीं. मिशिगन राज्याच्या ईशान्य भागांत सन १९९४ मध्यें एका शिकार केलेल्या हरणांत गुरांचा क्षय आढळला, आणि पुढें तो रानांतील कळपांत कायम ठाण मांडून बसल्याचें दिसून आलें. हरणांची दाट संख्या आणि दाण्यांचे ढीग हीं त्याचीं कारणें ठरलीं, व सन १९९८ मध्यें त्या भागांत आमिषास बंदी झाली. याहून भयंकर असा हरणांना झिजवून मारणारा दुसरा रोग आहे. तो प्रथम सन १९६७ मध्यें कोलोराडोंतील एका संशोधनशाळेच्या पाळीव हरणांत दिसला, सन १९८१ मध्यें रानांतील एल्कमध्यें सांपडला, आणि आज तिसांहून अधिक राज्यांत पोंचला आहे. त्याचें कारण जंतु नाहीं. प्रायॉन नांवाचा विकृत झालेला प्रथिनाचा कण आहे. लाळ, मूत्र व विष्ठा यांवाटे तो बाहेर पडतो, मातींत वर्षानुवर्षें टिकतो, त्यावर औषध नाहीं आणि रोग जडलेलें हरीण वांचत नाहीं. विस्कॉन्सिनमध्यें खनिजांच्या चाटणजागांच्या मातींत हे कण प्रत्यक्ष सांपडले आहेत. नॉर्वे देशांत सन २०१६ मध्यें हा रोग रेनडियर हरणांत आढळल्यावर नॉर्डफ्येला भागांतील सुमारें दोन हजारांचा सबंध कळप मारून टाकण्याची पाळी तेथील सरकारवर आली. मनुष्यास हा रोग जडल्याचें अद्यापि सिद्ध झालेलें नाहीं. तथापि रोगी हरणाचें मांस खाऊं नये असा अमेरिकेच्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे.

इतकें कळूनही कायदा डळमळीत कां? मिशिगननें सन २००८ मध्यें राज्याच्या दक्षिण भागांत आमिष बंद केलें, सन २०११ मध्यें बहुतेक ठिकाणीं पुन्हां मोकळें केलें, आणि रोग रानांत येऊन बसल्यावर सन २०१९ मध्यें फिरून बंद केलें. विस्कॉन्सिनचा कायदा तर चमत्कारिक आहे. ज्या जिल्ह्यांत रोगी हरीण सांपडेल तेथें तीन वर्षें, आणि शेजारच्या जिल्ह्यांत दोन वर्षें दाणे टाकण्यास मनाई. मधल्या काळांत नवें रोगी हरीण न सांपडल्यास मनाई संपली! मातींतील विष कायद्याची मुदत वाचीत नाहीं, हें कायदे करणारांस कोणीं सांगावें?

आमिषाच्या बाजूनें जें बोललें जातें तेंही ऐकून घेतलें पाहिजे. वृद्ध व अपंग शिकाऱ्यांस दूर हिंडतां येत नाहीं. ज्याची जमीन लहान आहे त्यास हरीण जवळ आणल्यावांचून गत्यंतर नाहीं. गाजर-बीट पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा शिल्लक माल खपतो. आणि जवळ आलेल्या जनावरावर नेम अचूक बसून तें हाल न होतां मरतें. यांपैकीं शेवटच्या मुद्द्यांत कांहीं तथ्य आहे. परंतु एकानें ढीग टाकला म्हणजे शेजाऱ्यास टाकावाच लागतो; दहा जणांनीं टाकले म्हणजे कोणासच अधिक लाभ राहात नाहीं; आणि रोगाचा खर्च मात्र ज्यांनीं दाणाही टाकला नाहीं अशा सर्वांच्या माथीं बसतो. ज्या कृत्याचा नफा एकाचा आणि तोटा सर्वांचा, त्यास व्यक्तिस्वातंत्र्य हें नांव देणें म्हणजे शब्दाचा दुरुपयोग होय. वृद्धांसाठीं जवळचीं मचाणें राखून ठेवतां येतील. मोकळ्या जमिनींत शिकाऱ्यांची गर्दी दिवस वांटून कमी करितां येईल. रानाचा कांहीं भाग आळीपाळीनें निवांत ठेवतां येईल. हे उपाय स्वस्त आहेत. त्यांत फक्त संयम लागतो, आणि संयम दुकानांत मिळत नाहीं.

आतां हें सारें आपल्या पदरीं कसें येतें तें पाहूं. आपल्या १९७२ च्या कायद्यांत ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे तींत ठार मारणें, पकडणें, फासे लावणें यांबरोबरच वन्य प्राण्यास हाकणें आणि त्यास आमिष दाखविणें यांचाही समावेश केलेला आहे. गोळी सुटली नाहीं तरी हाका आणि आमिष हीं शिकारीचींच अंगें आहेत, हें तत्त्व आपल्या कायदेकारांनीं ओळखलें होतें. त्या अक्षरांचा मोठा उपयोग चोरट्या शिकाऱ्यांविरुद्ध होतो. कारण पाणवठ्यावर आणि चाटणावर दबा धरून बसणें हा त्यांचा जुना शिरस्ता आहे. परंतु त्या अक्षरांच्या मागचें तत्त्व आपणां सर्वांस लागूं आहे. वाघ पाहण्यासाठीं पाणवठ्याभोंवतीं मोटारींचा गराडा घालणें हा हाकाच नव्हे काय? घाटरस्त्यावर गाडी उभी करून माकडांस केळीं व शेंगदाणे घालणें, रानाच्या कडेला हरणांसाठीं शिळ्या पोळ्या व भाजीपाला टाकणें, हें आमिषच नव्हे काय? टाकणारास वाटतें कीं पुण्य घडलें. वस्तुतः त्यानें जनावरास रस्त्यावर उभें राहावयास शिकविलें, मोटारीखालीं लोटलें, आणि गांवच्या गुरांचे रोग रानांत व रानाचे गोठ्यांत जाण्यास वाट करून दिली. हरणांस झिजविणारा तो अमेरिकेंतील रोग आपल्या देशांत आढळल्याची नोंद नाहीं. पण लाळ्या-खुरकूत तर आपल्या परिचयाचें आहे. ज्या दानानें घेणाराचा घात होतो तें दान नव्हे, हें आपल्या धर्मशास्त्रासही मान्य होईल.

शेतकऱ्याचा प्रश्नही याच जातीचा आहे. काळवीट व रानडुकरें पिकांत शिरतात, कारण उभें पीक हें त्यांच्या दृष्टीनें मोठ्यांत मोठें आमिष. ज्यास ऐपत आहे तो सौर कुंपण घालतो. कळप तेथून वळून शेजारच्या कुंपण नसलेल्या शेतांत जातो. यूटांतील एल्क जसें मोकळ्या रानांतून कुंपणाआड गेलें, तसेंच येथें, फक्त उलट दिशेनें. आणि दोन्हींकडे भुर्दंड बसतो तो दुबळ्यासच. तेव्हां कुंपणाची मदत एकेका अर्जदारास न देतां सबंध शिवाराचा विचार करून दिली जावी, आणि नुकसानभरपाई वेळेवर मिळावी, अशी आमची मागणी आहे. पाणवठे व चाटणें यांविषयींही खात्यानें जागरूक राहावें. उन्हाळ्यांत पाणी पुरविणें अवश्य असेल तेथें तें एका ठिकाणीं न करितां विखरून करावें, टांक्या स्वच्छ राखाव्या, आणि मीठ केवळ पर्यटकांच्या सोयीसाठीं रस्त्यालगत ठेवूं नये. ताडोबाचा गाभा दर मंगळवारीं आणि पावसाळ्यांत पर्यटकांस बंद असतो, हा नियम उत्तम आहे. त्यास अपवाद काढण्याची मागणी कोणी केल्यास ती मान्य होऊं नये. उलट, निवांतपणाचे दिवस वाढविण्याचाच विचार व्हावा.

आमच्या व्यापारी वाचकांस शेवटीं एकच विनंती. पुण्यार्थ म्हणून रानाकडे जें धान्य व जीं केळीं जातात तीं बहुतांशीं आपल्याच पेठेंतून व आपल्याच पैशानें जातात. तो पैसा गांवच्या गोठ्यांतील गुरांस लस टोंचण्यास किंवा कुंपणास हातभार लावण्यास गेला, तर गाय, शेतकरी आणि हरीण या तिघांचेंही कल्याण होईल. पुढच्यास ठेच लागली म्हणजे मागच्यानें शहाणें व्हावें अशी आपल्यांत म्हण आहे. अमेरिकेस ठेच लागली आहे, आणि ती सांवरतांना तिला किती सायास पडत आहेत हें आपण पाहात आहों. हरणास मनुष्याकडून कांहीं हवें असेल तर तें मनुष्याचें दाणे नव्हेत आणि त्याचें दर्शन तर मुळींच नव्हे. त्यास त्याचें रान हवें, आणि त्या रानांत थोडी शांतता हवी. ती देण्यास खर्च कांहींच नाहीं. म्हणूनच बहुधा ती देण्याचें कोणास सुचत नाहीं.